लेकीची खुर्ची

काचवाले बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी, अशी त्यांच्या बायकोची कायमची तक्रार होती. त्यात तथ्यही होतं. काचेवर कापायची हिरकणी फिरवताना माणूस बोलला तर रेघ हलते, आणि रेघ हलली की काच आपल्याला हवी तिथे नाही, तिला हवी तिथे तुटते. सगळी हयात त्या कामात गेल्यावर तोंड मिटून घ्यायची सवय हाडीमाशी खिळणारच. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं अरुंद दुकान होतं. भिंतीला टेकवलेल्या काचा, मधे जाड कांबळं अंथरलेलं टेबल, कोपऱ्यात खिडक्यांच्या कडेला भरायच्या लुकणाचा डबा. दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्यांचं घर, आणि घराला जायला उभा लाकडी जिना.

बोलायचं काम घरात बायकोकडे होतं, आणि ते ती दोघांच्या वाटचं करायची. तरुणपणापासून ती पोत्यांच्या कारखान्यात यंत्रावर होती. तिथल्या गोंगाटात ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे ती घरात मीठ मागायची तरी गल्लीला कळायचं. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, पण तागाचं तूस मात्र तिच्या छातीत राहिलं. आधी जिना चढताना दम लागायचा. मग बोलताना लागायला लागला. मग नुसतं बसल्या जागी. आता खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत असायचं आणि नाकाला नळी. ओरडणारी बाई कुजबुजायला लागली, तेव्हा घर कसं ओसाड वाटायला लागलं हे काचवाल्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? ज्या एका माणसाला सांगायचं तीच खाटेवर होती.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून तिला भिंगरी म्हणायचे, आणि मोठी झाल्यावरही तेच चिकटलं. ती बसायची फक्त चित्र काढायला. काचांच्या मधे घालून येणारे खाकी कागद तिला पुरायचे नाहीत. शाळा संपल्यावर ती म्हणाली, मोठ्या शहरात जाऊन चित्रकला शिकायची. काचवाले म्हणाले, "चित्रांना मी आजवर पुष्कळ काचा बसवल्यात. ती काढणाऱ्यांची तोंडं बघितलीयेत. नको."

यावर बायको नवऱ्याशी कडाक्याने भांडली. त्यांच्या संसारातलं ते सगळ्यात मोठं भांडण. "मी पोत्यांत जन्म घालवला, तुम्ही काचांत घालवला. पोरीला तरी काहीतरी बघण्यासारखं करू दे!" ती म्हणाली. नवऱ्याने ऐकलं नाही तेव्हा तिने बोलणं बंद केलं. ती गप्प राहू शकते हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि त्यांनी हात टेकले. भिंगरी गेली.

शिक्षण संपलं, त्यानंतरची वर्षंही अशीच गेली. फोन यायचे, पण त्यातून ताकास तूर लागायची नाही. चाललंय, बघतेय, होईल. मग एकदा तिने फोनवर सांगितलं, "आई, मी आता कलासंग्रहालयात आहे. तेच ते, मोठं."

झालं. आईने फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. तेव्हा तिच्यात उभं राहण्याइतकी ताकद होती. शेजारच्या घरात खाली शिवणकाम करणारी बाई राहायची, तिला वरूनच सांगितलं, "आमची पोर संग्रहालयात लागली!" शिवणवाल्या बाईंच्या जिभेला हाड नव्हतं. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं की काचवाल्यांच्या मुलीची चित्रं संग्रहालयात लागली. 'पोर लागली' आणि 'चित्रं लागली' यात जे अंतर होतं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आईच्याही नाही. किंवा तिने ते येऊ दिलं नाही.

छातीच्या डॉक्टरांनी काचवाल्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता सुधारणा होणार नाही, जे आहे ते जपायचं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या तोंडावरूनच कळलं. मला नका सांगू. मला फक्त एकदा तिथे घेऊन चला."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तिची चित्रं बघायला."

त्या दिवसापासून घरात बेत सुरू झाला. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत काहीतरी हललं. संग्रहालय सोमवारी बंद असतं हे कळलं. आठवड्याच्या मधल्या वारी गर्दी कमी. आगगाडीत खिडकीजवळची जागा, म्हणजे मशीन नसताना निदान हवा तरी. छोटा सिलिंडर भाड्याने मिळतो, तो खांद्याला लावायला पिशवी हवी, तर शिवणवाल्या बाई म्हणाल्या, मी शिवून देते, जाड कापडाची, तुमच्या कोटाच्या रंगाची. बायकोने कपाटातून जुना निळा कोट काढायला लावला. तो आता तिला दोन मापांनी मोठा होत होता. ती आरशासमोर न जाता म्हणाली, "चालेल. बसूनच तर असणार आहे."

अडत होतं ते फक्त भिंगरीपाशी. कधी येऊ विचारलं की ती म्हणायची, आत्ता नको, ते दालन बंद आहे, रंगकाम चाललंय. रंगकाम झालं असेल म्हणून विचारलं तर म्हणाली, चित्रं दुसरीकडे पाठवलीत, प्रदर्शनाला. नंतर म्हणाली, थंडी पडलीय, आईला बाधेल.

"किती काम असतं बिचारीला," आई म्हणायची.

काचवाल्यांना काच कुठे बारीक तडकलीय ते हात फिरवला की कळायचं. डोळ्यांना दिसायचं नाही, पण बोटाला कळायचं. मुलीच्या बोलण्यात तसं काहीतरी त्यांना लागत होतं. एका सकाळी ते म्हणाले, "मी आधी एकटा जाऊन बघून येतो. लिफ्ट आहे का, चाकांची खुर्ची मिळते का. एकदम तुला घेऊन गेलो आणि तिथे जिनाच निघाला तर?"

"शहाणे आहात," बायको म्हणाली. तिला नवरा मनापासून बेतात उतरला याचंच अप्रूप. "पण चित्रं नका बघू हं. ती आपण दोघं मिळून बघू."

मुलीला न कळवता ते गेले.

संग्रहालयाच्या पायऱ्या एखाद्या कोर्टाच्या असाव्यात तशा रुंद होत्या. त्यांनी आधी कामाची चौकशी केली. बाजूच्या दाराने उतार होता, लिफ्ट होती, चाकांची खुर्ची दारातच फुकट मिळायची. सिलिंडर आत न्यायला हरकत नव्हती. सगळं जमण्यासारखं होतं. मग चौकशीच्या खिडकीत बसलेल्या तरुणाला त्यांनी मुलीचं नाव सांगितलं आणि विचारलं, हिची चित्रं कुठल्या मजल्यावर?

तरुणाने कॉम्प्युटरवर नाव टाकलं. पुन्हा टाकलं. "या नावाच्या चित्रकार नाहीत आपल्याकडे."

"मोठ्या नाहीत. नवीन आहे."

"नवीनही नाहीत, काका." मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं. "थांबा. या नावाच्या एक ताई आहेत. पण त्या आमच्या इथल्या आहेत. दालनावर असतात. दुसरा मजला, निसर्गचित्रं."

काचवाले जिन्याने वर गेले. लिफ्टचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

दालन लांबलचक होतं, आणि थंड. पलीकडच्या टोकाला, दाराच्या बाजूला एक साधी खुर्ची होती. तिच्यावर राखाडी कोट घातलेली एक बाई हात मांडीवर ठेवून बसली होती. त्यांना तिच्याकडे बघवेना. म्हणून ते जवळच्या चित्राकडे वळले. त्यावर काच होती, इतकी स्वच्छ की आहे की नाही कळू नये. सवयीने ते वाकले आणि कडेकडे बोट नेलं.

"साहेब, जरा मागे उभे राहा. हात लावू नका." खुर्चीवरून उठून आलेला तो आवाज सपाट होता, दिवसभर तेच म्हणणारा.

ते वळले. भिंगरी मधेच थांबली. तिच्या तोंडाचा रंग उतरला. इकडेतिकडे बघून ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा. आई ठीक आहे ना?"

"आहे तशीच आहे."

"मग..." तिला समजलं. "माझी सुट्टी व्हायला थोडा वेळ आहे. खाली कॅन्टीनमध्ये बसा. मी येते."

कॅन्टीन कर्मचाऱ्यांचं होतं, तळघरात, डोक्यावरून पाइप गेलेले. भिंगरीने दोन चहा आणले आणि समोर बसली. बसल्याबसल्या टेबलाखाली तिने बूट सैल केले. काचवाल्यांनी ते बघितलं.

"मी खोटं नाही बोलले, बाबा," ती म्हणाली. "मी म्हणाले, मी संग्रहालयात आहे. पुढचं आईने लावलं."

"आणि तू ते तसंच राहू दिलंस."

"हो."

चहा प्यायचा म्हणून दोघं थोडा वेळ चहा प्याले. मग तिने आपण होऊन सांगितलं. वर्षानुवर्षं चित्रं पाठवली, ती परत आली. एका प्रदर्शनात दोन लागली, तर बघायला आले ते वर्गातलेच. ज्या सरांवर तिचा विश्वास होता त्यांनी एकदा शांतपणे सांगितलं, तुझा हात तयार आहे, पण चित्रात तू नसतेस. "मला राग यायला हवा होता," ती म्हणाली. "मला एकदम मोकळं वाटलं. मग दोन दिवसांनी रडू आलं. इथे जागा निघाली, म्हटलं चित्रांच्या जवळ तरी असू. आता ब्रश हातात घेऊन पुष्कळ दिवस झाले. घेतला की नुसतं थकायला होतं."

काचवाल्यांना हे सगळं आधीच ठाऊक असल्यासारखं वाटत होतं, आणि आपलं खरं झालं याचा जरासुद्धा आनंद होत नव्हता. भिंगरीने शिकायला जायचं म्हटलं तेव्हा जे शब्द त्यांच्या तोंडातून निघाले होते, ते आता कुणीतरी परत त्यांच्या हातात आणून ठेवत होतं. ते म्हणाले, "तुझ्या आईला किती दिवस आहेत सांगता येत नाही."

"माहितीये."

"वर एखादं कोपऱ्यातलं चित्र असेल. फारसं कुणी न बघणारं. ते दाखवू तिला. तुझं म्हणून."

भिंगरीने वडिलांकडे असं बघितलं की त्यांनी डोळे खाली केले. आयुष्यात कधी वेड्यावाकड्या कापलेल्या काचेला सरळ न म्हणणारा माणूस हे बोलत होता.

"त्या चित्राखाली माणसाचं नाव असतं, बाबा," ती म्हणाली. "तो मेलाय म्हणून त्याचं काढून घ्यायचं का? आणि आईला वाचता येतं."

"मग सांग तिला तू."

"फोनवर नाही जमणार मला. तुम्ही सांगा." ती उठली. बूट आवळताना म्हणाली, "तिला आणा पण. चित्र नाही म्हणून आणायचं नाही, असं नका करू."

घरी पोचल्यावर बायकोने उशा लावून घेतल्या आणि सगळं विचारून घेतलं. उतार केवढा, लिफ्ट कुठे, आत बसायला बाक आहेत का, प्यायला पाणी आहे का. काचवाल्यांनी प्रत्येक गोष्टीचं इतकं सविस्तर उत्तर दिलं की तीच शेवटी म्हणाली, "आज काय झालंय तुम्हाला? एवढं तर लग्न ठरलं तेव्हापण नव्हता बोललात."

ते सांगणार होते, पण ती हसली आणि हसताना खोकल्याची उबळ आली. त्यांनी पाठ चोळली, पाणी दिलं. सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. एकेक दिवस टळत गेला, आणि ज्या सकाळी तिने आपण होऊन विचारलं की चित्राखाली आपलं आडनाव लिहिलंय का, त्या सकाळी त्यांनी खाटेच्या कडेला बसून, जमिनीकडे बघत, सगळं सांगून टाकलं. कमी शब्दांत. जास्त त्यांना येत नव्हते.

मशीन घुरघुरत राहिलं. बऱ्याच वेळाने बायको भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्यानंतर भिंगरीचा फोन आला की ती हाताने नको म्हणायची. काचवाले फोन घेऊन जिन्यात जायचे आणि सांगायचे, झोपलीय. कोट खुर्चीच्या पाठीवर होता तो तसाच राहिला. बेत मोडला, असं त्यांनी धरून चाललं. दुकानात त्यांच्या हातून साध्या साध्या काचा वाकड्या जायला लागल्या. एकदा तळहात कापला, तर पट्टी बांधून घ्यायला वर जावंसंही त्यांना वाटलं नाही.

मग एका दुपारी शिवणवाल्या बाई पिशवी घेऊन वर आल्या. पिशवी खरंच सुरेख झाली होती, निळी, बाजूला बटण, पट्ट्याला आतून मऊ कापड. काचवाले खिडकीशी उभे होते. त्यांना बाईंना दारातूनच परत पाठवायचं होतं, पण त्या आत येऊन बसल्यासुद्धा.

"मग? कधी निघताय लेकीची चित्रं बघायला?" बाईंनी विचारलं. "मी म्हणते फोटो काढून आणा. आम्हालाही दाखवा."

बायको कोपरावर रेलून उठली. तिला श्वास गोळा करायला वेळ लागला. "तिची चित्रं नाहीत तिथे," ती म्हणाली. "ती तिथे खुर्चीवर बसते. लोकांनी चित्रांना हात लावू नये म्हणून. राखणीला."

बाईंच्या तोंडाचा आ झाला. "अगं बाई! म्हणजे..."

"म्हणजे तेच." तिने पिशवी उचलली, पट्टा ओढून बघितला. "बळकट झालीय. आम्ही खुर्ची बघायला चाललोय."

बाई जिना उतरून गेल्या तशी गल्लीभर काय होणार हे दोघांनाही ठाऊक होतं. काचवाले म्हणाले, "सांगायची काय गरज होती?"

"मीच पसरवलं होतं ना? मग मीच आवरायला नको?" एवढं बोलून ती पुन्हा आडवी झाली. पण नजर भिंतीकडे नव्हती. "मंगळवार बघा," ती म्हणाली.

मंगळवारी आभाळ भरून होतं आणि बोचरा वारा सुटला होता. जिन्यावरून तिला उतरवताना काचवाल्यांनी तिला दोन्ही हातांत घेतलं. मोठी काच न्यावी तसं, अंगाशी धरून, एकेक पायरी चाचपत. ती एवढी हलकी झालीय हे त्यांना त्या जिन्यावर समजलं. गाडीत ती डोळे मिटून होती. संग्रहालयाच्या बाजूच्या दाराशी चाकांची खुर्ची होती, उतार होता, लिफ्ट होती. जे जे ठरवलं होतं ते सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

दालनात शिरल्यावर तिने एकाही चित्राकडे बघितलं नाही. सरळ टोकाला चला, असं बोटाने दाखवलं. भिंगरी त्यांना बघून उठून उभी राहिली होती. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला, कारण दारातून तिच्या वरचे अधिकारी डोकावून गेले होते. कामावर असताना ओळखीच्या माणसांशी गप्पा मारायच्या नसतात, असं तिने वडिलांना फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं. काचवाल्यांनी चाकांची खुर्ची तिच्या खुर्चीच्या शेजारी लावली आणि स्वतः मागे उभे राहिले. मायलेकी शेजारी शेजारी, दोघींची तोंडं समोरच्या भिंतीकडे.

"ह्यावर बसतेस?" आईने विचारलं.

"हो."

"पाठ दुखत नाही?"

"पाय दुखतात. सारखं उठावं लागतं."

"लहानपणी एका जागी बसायची नाहीस." आईच्या तोंडावर क्षणभर हसू आलं आणि मावळलं. समोर एक मोठं चित्र होतं. ओलं शेत, दूरवर झाडांची रांग, आणि वर नुसतं आकाश, एवढं की बाकी सगळं त्याच्याखाली दबल्यासारखं. आई ते बघत राहिली. "हे कुणी काढलंय?"

भिंगरीने चित्रकाराचं नाव सांगितलं. म्हणाली, "दोनशे वर्षांपूर्वीचा आहे."

"तुला असं येतं?"

समोरच्या चित्राकडे बघत भिंगरीने सांगितलं, "नाही, आई. मी करून बघितलं. नाही जमलं."

"मग घरी का नाही आलीस?"

इतक्यात एक बाई मुलाला घेऊन आल्या आणि स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारलं. "सरळ जा, डावीकडे, पाण्याच्या नळाच्या पुढे," भिंगरी म्हणाली. तो सपाट, कामाचा आवाज आईने पहिल्यांदा ऐकला. त्या बाई गेल्यावर भिंगरी पुन्हा समोर बघायला लागली.

"आले असते तर तू रोज माझ्याकडे बघितलं असतंस," ती म्हणाली. "अजून होईल, अजून होईल, असं. मला ते झेपलं नसतं."

आईची छाती वरखाली होत होती. पिशवीतून सिलिंडरचा बारीक फुसफुस आवाज येत होता. "मी तुझ्या बापाशी भांडले होते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. एवढं कधी कुणाशी भांडले नव्हते."

"माहितीये मला."

"ते सगळं वायाच गेलं म्हणायचं."

काचवाल्यांनी मागून बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, गप्प राहा म्हणून की काय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भिंगरीची मान खाली गेली नाही. ती तशीच ताठ बसून होती, हात मांडीवर. "हो," ती म्हणाली. एवढंच.

लोक येत होते, चित्रांपुढे थांबत होते, पुढे जात होते. एक म्हातारा फार जवळ गेला तेव्हा भिंगरी उठून त्याला मागे व्हा म्हणाली आणि परत येऊन बसली. सिलिंडरचा काटा खाली यायला लागला तशी काचवाल्यांनी चाकांची खुर्ची वळवली. आईने हात पुढे केला. भिंगरीने तो धरला, जरा जास्त वेळ धरला, मग दाराकडे बघून सोडला.

लिफ्टमध्ये दोघंच होते. दार लागल्यावर बायकोने डोळ्यांवर हात घेतला. "मी असं का बोलले?" ती म्हणाली. "तिथे जाऊन, एवढ्या लांब जाऊन, मी हेच बोलले?"

"परत वर जायचं का?"

"नको. तिची ड्युटी आहे. बोलणी खाईल ती माझ्यापायी." दार उघडलं तेव्हा ती खुर्चीतून उठायला निघाल्यासारखी पुढे झुकली होती. "वाया गेलं असं नव्हतं मला म्हणायचं. मला म्हणायचं होतं की मी पुन्हा भांडले असते. आपण पुन्हा येऊ. थंडी सरली की येऊ."

घरी येऊन तिने पुन्हा बेत सुरू केला. या वेळी शिवणवाल्या बाईंना काही सांगितलं नाही. काचवाले म्हणाले, फोन करून सांग ना, तर म्हणाली, "फोनवर नको. फोनवरच तर सगळा घोळ झाला." पुढच्या वेळी दोन सिलिंडर न्यायचे, म्हणजे घाई होणार नाही. भिंगरीच्या सुट्टीची वेळ विचारून घ्यायची, म्हणजे त्या तळघरातल्या कॅन्टीनमध्ये बसता येईल. मी तिचे पाय चेपून देईन, ती म्हणायची, आणि असं म्हणताना तिला स्वतःचा हात उचलवत नसायचा. भिंगरीचे फोन ती आता घ्यायची. हवा कशी आहे, जेवलीस का, एवढंच बोलायची, आणि नवऱ्याकडे बघून खूण करायची की ते नंतर, समोरासमोर.

थंडी सरायच्या आतच एका पहाटे ती गेली. काचवाले शेजारीच होते. मशीन चालू होतं आणि तिला त्याची गरज उरलेली नव्हती, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

भिंगरी आली. जे करायचं असतं ते सगळं तिने वडिलांच्या बरोबरीने केलं. गल्लीतली माणसं भेटायला यायची आणि तिच्याशी जपून बोलायची. चित्रं हा शब्द कुणी काढायचं नाही. शिवणवाल्या बाई तर तिच्यासमोर नुसत्या रडल्या. भिंगरीने आईची कपाटं आवरली, मशीन परत करून आली, खिडक्या उघडून खोली पुसली. निळा कोट तिने घडी घालून बॅगेत भरला.

तिला निघायचं होतं त्या दिवशी ते तिला स्टेशनवर पोचवायला गेले. फलाटावर बाकावर दोघं बसले. गाडीला उशीर होता. काचवाले इतके दिवस मनात काहीतरी घोळवत होते आणि ते कुठून सुरू करावं हे त्यांना उमगत नव्हतं.

"तुझी आई पुन्हा येणार होती," ते म्हणाले. "सगळं ठरवून ठेवलं होतं तिने."

"पुन्हा कशाला?"

"त्या दिवशी बोलली ते तिला तसं म्हणायचं नव्हतं. लिफ्टमध्येच म्हणाली मला. पुन्हा वेळ आली असती तर पुन्हा भांडले असते, असं म्हणायचं होतं तिला. वाया गेलं असं नव्हतं म्हणायचं."

भिंगरी रुळांकडे बघत राहिली. मग वळून म्हणाली, "तेव्हाच का नाही सांगितलंत, बाबा? एवढे दिवस होते. मी रोज तिथे बसून तेच ऐकत होते."

"ती स्वतः सांगणार होती."

"आणि तुम्ही थांबलात."

"हो," काचवाले म्हणाले. "मला वाटलं, ते तिचं आहे. मी कसं सांगू."

भिंगरीला राग आला होता, आणि तो कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं. गाडी आली. तिने बॅग स्वतःच वर चढवली. दारातून खाली वाकून ती वडिलांना काहीतरी म्हणाली, पण फलाटावरच्या गोंगाटात ते त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा सांग, असं त्यांनी खुणेने विचारलं. तिने मान हलवली, आता राहू दे अशा अर्थाने, आणि आत गेली.

आता ती सोमवारी फोन करते. बोलणं थोडकंच होतं. पाऊसपाणी, गुडघे, दुकानात काम आहे की नाही. शेवटी दोघंही थोडा वेळ नुसते फोन धरून असतात, मग ती म्हणते, ठेवते.